घरातला ऑलिम्पस: नवप्लेटोवादी ग्रीक देवोपासना कशी सुरू करावी

इसवी सनाच्या पाचव्या शतकात प्रोक्लस हा तत्त्वज्ञ अथेन्समध्ये अक्रोपोलिस टेकडीच्या पायथ्याशी राहत असे. अस्क्लेपियसचे देऊळ आणि डायोनिससचे नाट्यगृह त्याच्या घराजवळच होते. पार्थेनॉन देवळातली अथेना देवीची मूर्ती ख्रिस्ती सत्ताधाऱ्यांनी हलवली, त्या सुमारास त्याला स्वप्न पडले. एक देखणी स्त्री त्याला सांगत होती की घर लवकर आवर, अथेन्सच्या स्वामिनीला आता तुझ्याकडे राहायचे आहे. ही हकिकत त्याचा शिष्य मारिनस याने गुरूच्या चरित्रात नोंदवली आहे.

ग्रीक देवांची उपासना करावीशी वाटते, पण देऊळ नाही, पुरोहित नाही, ग्रीस तर हजारो मैल दूर, मग हे सगळे लुटुपुटीचे नाही का, असे विचारणाऱ्याला मी हीच गोष्ट सांगतो. सम्राट थिओडोसियसने ३९१-३९२ मध्ये बलिदानांवर आणि देवळांतल्या पूजेवर बंदी आणली. प्रोक्लसचा जन्म ४१२ चा. त्याच्या पिढीने उपासना केली ती घरात, वर्गात, मोजक्या विश्वासू माणसांत. ५२९ साली जस्टिनियनच्या फर्मानाने अथेन्समधले शिकवणेही थांबले. म्हणजे या परंपरेचे सर्वांत परिपक्व रूप देवळाबाहेर, घराच्या चार भिंतींत घडले. तुमच्या फ्लॅटमधल्या एका फळीवर तेच रूप पुढे चालू शकते, आणि ते कमअस्सल नसते.

पुढचे मार्गदर्शन या नवप्लेटोवादी, म्हणजे प्लेटोचा विचार पुढे नेणाऱ्या प्लॉटिनस, प्रोक्लस वगैरे तत्त्वज्ञांच्या, वाटेपुरते आहे. ग्रीक देवांना मानणाऱ्या प्रत्येकाला प्लॉटिनस किंवा प्रोक्लस लागतोच असे नाही. आजच्या ग्रीसमध्येही अनेक जण नुसते सण आणि पूर्वजांची रीत पाळतात. पण ज्यांना विधी हवा आणि त्यामागचा विचारही हवा, त्यांच्यासाठी ही वाट आहे.

आधी पायाभूत विचार

प्लॉटिनस (सुमारे २०४ ते २७०) इजिप्तमधून येऊन रोममध्ये शिकवू लागला. इराणी आणि भारतीय ज्ञान प्रत्यक्ष समजून घ्यावे म्हणून तो २४३ साली सम्राट गॉर्डियनच्या स्वारीत सामील झाला होता. मोहीम मेसोपोटेमियातच फसली आणि तो कसाबसा जीव वाचवून अँटिओकला पोचला. त्याची मांडणी थोडक्यात अशी: सर्वाच्या मुळाशी 'एक' आहे, ज्याचे वर्णन करता येत नाही. त्यातून नूस, म्हणजे बुद्धितत्त्व, त्यातून आत्मा, आणि आत्म्यातून हे दिसणारे जग. हे कधीतरी एकदा घडून गेले असे नाही, आत्ताही घडते आहे. आलेल्या वाटेने परत वर जाणे हे माणसाचे काम.

प्रोक्लसने यात देवांची जागा नेमकी केली. प्रत्येक देव म्हणजे एक 'हेनाड', स्वतःत पूर्ण असलेले एकक. प्रत्येकात बाकीचे सगळे देव आहेत, पण त्याच्या-त्याच्या रीतीने. अद्वैताच्या संस्कारात वाढलेल्या मराठी माणसाची इथे हमखास घाई होते. 'म्हणजे शेवटी सगळे एकच ना?' प्रोक्लस याला होकार देत नाही. अथेना ही अपोलोचे दुसरे नाव नाही, आणि दोघेही कुठल्या तिसऱ्याचे मुखवटे नाहीत. हे डोक्यात पक्के बसले नाही तर पुढचे सगळे विधी सैल होतात.

दुसरी गोष्ट, देव रागावत नाहीत आणि लाचही घेत नाहीत. सम्राट ज्युलियनच्या काळात (चौथे शतक) सॅलस्टियसने देव आणि विश्व यांच्यावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. त्यात तो म्हणतो, देव दुष्टांकडे पाठ फिरवतो असे म्हणणे म्हणजे आंधळ्यापासून सूर्य लपतो असे म्हणणे. मग धूप, दिवा, नैवेद्य कशासाठी? त्यांनी देव बदलत नाही, आपण बदलतो, आपण त्याच्या जवळ सरकतो.

पण मग नुसते चिंतन का पुरत नाही? यावरून परंपरेत मोठा वाद झाला. प्लॉटिनसचा शिष्य पॉर्फिरी याने विधींबद्दल शंका घेणारे पत्र लिहिले. सीरियातल्या आयाम्ब्लिकसने (मृत्यू सुमारे ३२५) त्याला एका इजिप्शियन पुरोहिताच्या नावाने भलेमोठे उत्तर दिले. त्याचा मुद्दा असा की नुसत्या विचाराने देवांशी जोडले जाता आले असते तर तत्त्वज्ञांचे अडले कुठे होते? आत्मा पूर्णपणे देहात उतरलेला आहे, म्हणून वर जाण्याची सुरुवातही देहातून, पदार्थांतून, कृतीतून व्हायला हवी. मी आयाम्ब्लिकसच्या बाजूचा आहे. ज्यांचा पिंड वाचनाचा आहे त्यांनी तर हात विशेष चालवावेत, आणि ज्यांना धूपदीपातच रमायला आवडते त्यांनी पुस्तक सोडू नये.

पायरी १: जागा

एक फळी किंवा लहान टेबल पुरे. त्यावर हेस्टियाचा दिवा. हेस्टिया ही चुलीची, घराच्या केंद्राची देवी. ग्रीक रिवाजात पहिला आणि शेवटचा भाग तिचा. साधी पणती चालते. तेल ऑलिव्हचे असेल तर उत्तम, नसेल तर तिळाचे. दिव्याशेजारी एक पसरट वाटी अर्घ्य ओतायला, एक लहान तांब्या, आणि धुपाटणे.

मूर्ती असलीच पाहिजे असे नाही. आयाम्ब्लिकस सांगतो की दगड, वनस्पती, सुगंधी द्रव्ये यांत देवांनीच आपल्या खुणा पेरून ठेवल्या आहेत. अपोलोसाठी लॉरेलचे पान, अथेनासाठी ऑलिव्हची डहाळी, समुद्रदेव पोसायडनसाठी शिंपला एवढेही खरे प्रतीक असते. लॉरेल म्हणून आपले तमालपत्र मात्र घेऊ नका, ते वेगळे झाड आहे. पान उलटून पाहा: तमालपत्रात देठापासून टोकाकडे तीन शिरा लांब जातात, लॉरेलमध्ये मधली एकच शीर असते आणि बाकीच्या तिच्यातून फुटतात. मोठ्या किराणा दुकानांत बाहेरून आलेले लॉरेल मिळते.

मूर्तींचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर गेल्या शतकाच्या चाळीसच्या दशकात उत्खनन झाले, त्यात पोसायडनची एक छोटी कांस्यमूर्ती सापडली. रोमशी चाललेल्या व्यापारातून ती दख्खनात आलेली. तिची इथे कोणी पूजा केली असेल असा दावा मी करणार नाही. पण हा देव या मातीला अगदीच अनोळखी नाही, हे मला मोलाचे वाटते.

घरात आधीच देवघर असेल तर? मारिनस सांगतो की प्रोक्लस गाझाच्या देवांची स्तोत्रे रची, इजिप्तमधल्या फिलीच्या इसिस देवीला आळवी, आणि म्हणे की तत्त्वज्ञाने एका शहराचा नव्हे, साऱ्या जगाचा पुरोहित असावे. त्यामुळे खंडोबाचा टाक आणि अथेनाची तसबीर एका घरात नांदायला तत्त्वाची अडचण नाही. फळ्या मात्र वेगळ्या ठेवा आणि नावांची सरमिसळ करू नका. अपोलोला सूर्यनारायण म्हणून हाक मारली तर दोघांचाही मान राहत नाही. घरच्या वडीलधाऱ्यांना आधी विश्वासात घ्या. लपवून मांडलेल्या फळीपुढे मन स्थिर होत नाही.

पायरी २: शुद्धी

ग्रीक कवी हेसिऑडने इसवी सनापूर्वी सुमारे ७०० मध्ये सांगून ठेवले आहे की हात न धुता पहाटे झ्यूसला अर्घ्य देऊ नये. ग्रीक देवांच्या पूजेत पाणी पहिले.

या पाण्याला खेर्निप्स म्हणतात. करायला सोपे आहे. स्वच्छ वाटीत पाणी घ्या, चिमूटभर मीठ टाका (समुद्राचे पाणी शुद्ध मानले जाई, त्याची आठवण म्हणून आजचे उपासक मीठ घालतात). एक वाळकी काडी दिव्यावर पेटवा आणि जळते टोक पाण्यात बुडवा. चुर्र असा आवाज येतो, थोडा धूर येतो. त्या पाण्याने हात आणि तोंड धुवा, मग फळीवर आणि आजूबाजूला बोटांनी शिंपडा. उरलेले पाणी पिऊ नका, झाडालाही घालू नका. ते मळ घेऊन गेलेले पाणी आहे, मोरीत ओता.

नवप्लेटोवादात शुद्धी इथेच संपत नाही. पॉर्फिरीने सद्गुणांच्या पायऱ्या लावल्या: आधी समाजात नीट वागण्याचे नागरी सद्गुण, मग आत्म्याला देहाच्या ओढीतून सोडवणारे शुद्धीचे, मग चिंतनाचे, आणि त्यांच्याही वर मूळ नमुन्यांचे. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. घरकामाच्या बाईचा पगार थकवून, भावाशी बोलणे टाकून, थेट चिंतनाच्या पायरीवर उडी मारता येत नाही.

पायरी ३: रोजची पूजा

सकाळी आंघोळीनंतर, काही खाण्याआधी. सगळे मिळून दहा-पंधरा मिनिटे लागतात.

हात धुऊन दिवा लावा आणि हेस्टियाचे नाव घ्या. वाटीत तिच्यासाठी थोडे अर्घ्य ओता. अर्घ्याला पाणी घातलेली वाइन हा जुना रिवाज, कारण ग्रीक लोक वाइन पाण्यात मिसळूनच पीत. घरात वाइन चालत नसेल तर मन खट्टू करू नका. वाइनविरहित अर्घ्याचीही प्रतिष्ठित परंपरा आहे: दूध, मध, पाणी. मग जवाचे चार दाणे आणि धूप.

धुपाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. ऑर्फिक स्तोत्रे नावाचा ८७ स्तोत्रांचा संग्रह आहे. त्यात बहुतेक स्तोत्रांवर कोणता धूप द्यायचा ते लिहिलेले असते. हर्मीसला लिबानोस, झ्यूसला स्टोरॅक्स, पोसायडनला बोळ. लिबानोस म्हणजे बॉसवेलिया झाडाचा डिंक. आपल्या सालईचा डिंक त्याच कुळातला आहे आणि काष्ठौषधींच्या दुकानात स्वस्तात मिळतो. स्टोरॅक्सऐवजी ऊद वापरणारे बरेच आहेत. बोळ मागताना 'हिराबोळ' असे स्पष्ट म्हणा, नाहीतर काळा बोळ हातात पडतो आणि तो असतो कोरफडीचा. करवंटीच्या निखाऱ्यावर वाटाण्याएवढा तुकडा पुष्कळ होतो. खिडकी उघडी ठेवा. परदेशात भाड्याच्या घरात स्मोक अलार्म असेल तर दिव्यावर तापणारी सुगंधी तेलाची वाटी बरी.

प्रार्थना उभे राहून, दोन्ही तळहात वर करून, मोठ्याने म्हणायची. मनातल्या मनात म्हणणे ही ग्रीकांची सर्वसाधारण रीत नव्हती. प्रार्थनेचे तीन भाग असतात: हाक, नाते सांगणे, मागणे. हाकेत देवाचे नाव, त्याची बिरुदे, त्याची स्थाने. नात्यात आधीच्या पूजांची आठवण. शेवटी मागणे, नेमके आणि थोडके. ऑर्फिक स्तोत्रांत 'क्लूथी', म्हणजे 'ऐक', अशी हाक पुन्हा पुन्हा येते. पाठ होत नसेल तर तेवढा एक शब्द ग्रीकमध्ये आणि पुढचे आपल्या भाषेत म्हणा. नावे मात्र मूळचीच ठेवा. आयाम्ब्लिकसचा आग्रह आहे की देवांची जुनी नावे भाषांतरित केली की त्यांचे सामर्थ्य जाते. मराठीत म्हणायला हा एक नमुना:

'क्लूथी, हेलिओस, हिपेरिऑनच्या पुत्रा, आकाशाच्या डोळ्या, सर्वांवर सारखाच उजळणाऱ्या. काल तुला धूप वाहिला, आज हा वाहतो आहे. जे मला दिसत नाही ते दिसू दे. जे पाहायचे मी टाळतो आहे, त्याच्याकडेही माझी मान वळू दे.'

बाई असाल तर क्रियापद आपले घाला. मागणे झाल्यावर थोडा वेळ काही न बोलता थांबा. पॉर्फिरी म्हणतो, सर्वोच्च तत्त्वाला धूप नको, शब्दही नको, शुद्ध मौन हेच त्याचे अर्पण. शेवटी पुन्हा हेस्टियाला अर्घ्य. वाटीतले दूध-मध तसेच ठेवू नका, मुंग्या लागतात. ते कुंडीत किंवा झाडाच्या मुळाशी ओता. नैवेद्याचे फळ किंवा पोळी घरच्यांनी वाटून खावी, ऑलिम्पियन देवांच्या प्रसादाची तीच पद्धत आहे. मृतांना आणि पाताळदेवतांना वाहिलेले मात्र पूर्ण त्यांचे. ते आपण खायचे नाही.

पशुबळी हवाच का, असे कोणी विचारतेच. पॉर्फिरीने मांसत्यागावर चार भागांचा ग्रंथ लिहिला, त्यात बळी देण्यावर कडक टीका आहे. चौथ्या भागात भारतातल्या ब्राह्मणांची आणि श्रमणांची राहणीही त्याने कौतुकाने वर्णन केली आहे. आयाम्ब्लिकसने बळीचे समर्थन केले. घरच्या उपासनेत जव, फळे, मधाची पोळी पुरेशी आहे, आणि तिच्यामागे पॉर्फिरीएवढा मोठा आधार उभा आहे.

पायरी ४: सूर्याच्या तीन वेळा

मारिनस सांगतो की प्रोक्लस सूर्योदयाला, माध्यान्ही आणि सूर्यास्ताला सूर्याला वंदन करी. त्रिकाळ संध्या ऐकून माहीत असलेल्या घरात हे सहज रुजेल. पण इथला अर्थ वेगळा आहे, तो आधी समजून घ्या. ज्युलियनने ३६२ च्या डिसेंबरात राजा हेलिओसवर गद्य स्तोत्र लिहिले. त्यात दिसणाऱ्या सूर्याच्या वर बौद्धिक देवांमधला हेलिओस आहे, आणि त्याच्याही वर ते मूळ 'एक' किंवा 'शिव', म्हणजे परममंगल. आपण तोंड करतो तबकडीकडे, पण वंदन त्या साखळीला असते.

प्रोक्लसचा विधिकलेवरचा एक लहानसा तुकडा उरला आहे. माझ्या मते या परंपरेतला तो सर्वांत सुंदर मजकूर. तो म्हणतो, प्रत्येक वस्तू आपल्या जागेवरून प्रार्थना करते. सूर्याकडे वळणारे फूल शक्य तेवढे वळून स्तोत्र गाते. त्याची हालचाल कानांनी ऐकता आली असती तर ते गाणे आपल्याला ऐकू आले असते. कमळही तसेच: उजाडण्याआधी पाकळ्या मिटलेल्या, सूर्य वर चढतो तशा हळूहळू उघडतात, तो कलला की पुन्हा मिटतात. माणसाने ओठ उघडून देवाला आळवण्यात आणि कमळाने पाकळ्या उघडण्यात त्याला फरक दिसत नाही. जवळपास कमळाचे तळे असेल तर एका पहाटे जाऊन हे बघून या, मग तीन वेळांच्या वंदनाचा अर्थ पुस्तकाशिवाय कळेल.

कामावर असताना दुपारी खिडकीशी उभे राहून नाव घेतले तरी चालते. सूर्याकडे टक लावून पाहू नका, डोळ्यांना कायमची इजा होते.

पायरी ५: महिन्याचे चक्र

अथेन्सचा महिना अमावास्येनंतर चंद्रकोर दिसली की सुरू होई. आपले अमान्त महिनेही अमावास्येला संपतात, आणि आपल्या अधिक महिन्यासारखाच त्यांच्याकडेही मधूनमधून एक जादा महिना घालत. त्यामुळे उत्तर भारतातल्या पौर्णिमान्त पंचांगवाल्यांपेक्षा मराठी उपासकाला हे फार सोपे जाते. भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावास्या बघायची आणि चंद्रदर्शन धरायचे. वर्षाचा पहिला महिना हेकाटोम्बेऑन उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसानंतरच्या नव्या चंद्राने लागतो; बहुतेक वर्षी तो आपल्या आषाढाच्या सुरुवातीला येतो.

अमावास्येला हेकाटीचे भोजन. घर झाडा, फळीवरची राख आणि जुने तेल काढा, देणी चुकती करा. लसूण, अंडी, पाव असे अन्न प्राचीन अथेन्सकर तिठ्यावर ठेवत, कारण हेकाटी तीन वाटांची देवी. आपल्याकडे तिठ्यावर पान ठेवू नका. लोक उतारा समजतील, घाबरतील, आणि त्यांचे चुकणारही नाही. ॲरिस्टोफेनिसच्या नाटकात म्हटलेच आहे की श्रीमंतांनी ठेवलेले हे जेवण गरीब लोक लगेच उचलून नेत. तेव्हा फळीपुढे हेकाटीला अर्पण करून तेवढाच शिधा भुकेल्याला द्या. प्रोक्लस महिन्याच्या शेवटच्या दिवशी उपास करी, जमल्यास तोही करा.

दुसऱ्या दिवशी, कोर दिसेल तेव्हा, नूमेनिया. फुले, ताजा धूप, गोडाचा पदार्थ. याच दिवशी बरेच जण झ्यूस क्टेसिओसचा गडू बदलतात. हा झ्यूस घरातल्या साठ्याचा राखणदार. झाकणाचा, दोन कानांचा लहान गडू घ्या, कानांना पांढरी लोकर गुंडाळा, आत पाणी, ऑलिव्ह तेल आणि सर्व तऱ्हेची धान्ये-फळे थोडी थोडी घाला, आणि तो जिथे तांदूळ-डाळीचे डबे असतात तिथे ठेवा. पुढे या चांद्र महिन्याची २ तारीख आगाथोस डायमोनची (घराच्या शुभ रक्षकदेवतेची), ४ हर्मीस आणि ॲफ्रोडाइटीची, ६ आर्टेमिसची, ७ अपोलोची, ८ पोसायडनची. सुरुवातीला सगळ्या पाळू नका. अमावास्या, नूमेनिया आणि ज्या देवाची ओढ असेल त्याची एक तारीख, एवढे बस.

पायरी ६: रात्रीची उजळणी

पायथागोरसच्या नावावर चालत आलेल्या ७१ सुवर्णओळी नवप्लेटोवादी शाळेत नवशिक्याला आधी शिकवत. पाचव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हायरोक्लीसने त्यांच्यावर भाष्य केले. त्यातली एक साधना अशी: झोपण्याआधी दिवसातली प्रत्येक कृती मनात तीनदा फिरवायची. कुठे चुकलो? काय केले? काय करायचे राहिले? वाईट केले असेल तर स्वतःला दटावायचे, चांगले केले असेल तर आनंद मानायचा. लिहून ठेवू नका, आठवणीनेच करा. दिवस मूळ क्रमाने उलगडत नेणे हाच यातला अर्धा व्यायाम आहे.

पायरी ७: वाचन

सुरुवात सॅलस्टियसपासून, कारण तो थोडक्यात सांगतो आणि पुराणकथा कशा वाचायच्या ते शिकवतो. पॅरिसच्या निवाड्याची कथा घ्या. देवांच्या मेजवानीत कलहदेवीने सोन्याचे सफरचंद टाकले, तीन देवी त्यावरून भांडल्या, पॅरिसने ते ॲफ्रोडाइटीला दिले. सॅलस्टियस म्हणतो: मेजवानी म्हणजे देवांचे एकत्र असणे, सफरचंद म्हणजे हे परस्परविरोधी गोष्टींनी बनलेले जग, म्हणून ते कलहाने फेकले, प्रत्येक देवी जगाला आपले दान देते म्हणून जणू त्यासाठी स्पर्धा करते, आणि पॅरिस म्हणजे इंद्रियांनी जगणारा आत्मा, ज्याला बाकीच्या शक्ती दिसतच नाहीत, फक्त सौंदर्य दिसते. दर आठवड्याला एक कथा घेऊन तिच्याशी असे बसा. देवांच्या भानगडी म्हणून ज्या कथा हसण्यावारी नेल्या जातात, त्यांतूनच सर्वांत जास्त हाती लागते.

त्यानंतर स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसची हस्तपुस्तिका. मग प्लेटो, आयाम्ब्लिकसने लावलेल्या क्रमाने: आधी 'आल्किबिआडीस', कारण स्वतःला ओळख हा त्याचा विषय, मग 'गॉर्गिआस', 'फीडो' आणि पुढचे, 'फिलेबस'पर्यंत दहा संवाद, शेवटी 'टिमेअस' आणि 'पार्मेनिडीस'. घाईने 'पार्मेनिडीस' उघडू नका. टॉमस टेलरने १८०४ मध्ये प्लेटोची सगळी रचना इंग्रजीत आणली. ती भाषांतरे जड आहेत, पण ती करणारा माणूस स्वतः या देवांना मानणारा होता, आणि ते ओळीओळीत जाणवते.

पायरी ८: काचेचा गोल

रोजची पूजा अंगवळणी पडल्यावर प्लॉटिनसने दिलेली ही साधना घ्या. डोळे मिटून एक पारदर्शक गोल मनात आणा. त्यात सारे विश्व: सूर्य, तारे, पृथ्वी, समुद्र, सगळे जीव, स्थिर आणि चालते, एकमेकांत न मिसळता पण सगळे एकाच वेळी दिसणारे. हे चित्र घट्ट धरा. आता त्यातले वस्तुमान काढून टाका. जागा काढून टाका. आकार लहान करायचा नाही. मोठे-लहान हे मोजच काढायचे. आणि ज्याने तो मूळ गोल घडवला त्या देवाला हाक मारा, ये म्हणा.

पहिल्या खेपांना गोल टिकत नाही, एका बाजूला समुद्र येतो तर दुसरीकडचे तारे जातात. मग फक्त पृथ्वी आणि सूर्य एवढ्यावरच थांबा आणि हळूहळू भरत जा. महत्त्वाची आहे ती शेवटची हाक. ती वगळली तर ही कल्पनाशक्तीची कसरत उरते. पॉर्फिरी सांगतो की तो गुरूजवळ असतानाच्या काळात प्लॉटिनसला त्या परम एकाशी ऐक्य चार वेळा साधले. एवढ्या थोर साधकाची ही गोष्ट, तेव्हा आपल्याला आठवडाभरात काही 'अनुभव' आला नाही म्हणून अस्वस्थ होण्याचे कारण नाही.

पायरी ९: थिउर्जी, आणि सोबत

थिउर्जी म्हणजे देवांच्या खुणा वापरून आत्म्याला वर नेणारी गूढ विधिकला. तिचा मुख्य ग्रंथ खाल्डियन दैववाणी, दुसऱ्या शतकातली, आज केवळ तुकड्यांत उरलेली. मूळ दीक्षापरंपरा सहाव्या शतकानंतर सलग राहिलेली नाही. म्हणून अखंड गुरुपरंपरेचा दावा करून दीक्षेचे पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा. आत्मे बोलावणे, भविष्य विचारणे यांपासूनही.

खरे तर वर सांगितलेले योग्य डिंक, योग्य नाव, योग्य वेळ हे थिउर्जीचेच पहिले अंग आहे. पुढचे मोजमाप प्रोक्लसने प्रार्थनेच्या पाच टप्प्यांत दिले आहे: देवाची ओळख, त्याच्याशी साम्य, स्पर्श, सान्निध्य, ऐक्य. पहिले दोन आपल्या हातात आहेत. ओळख वाचनाने आणि स्तोत्रांनी होते, साम्य वागण्याने. बाकीचे तीन देवाच्या बाजूने येतात, मागून घेता येत नाहीत.

सोबत्यांशिवाय हे जड जाते. ग्रीसमध्ये १९९७ साली ग्रीक परंपराधर्मीयांची सर्वोच्च परिषद स्थापन झाली, आणि २०१७ मध्ये तिथल्या सरकारने या धर्माला अधिकृत मान्यता दिली. अमेरिकेत हेलेनिऑन ही संघटना आहे. ऑनलाइन गटात जाण्याआधी दोन गोष्टी विचारा: इथे प्रत्यक्ष पूजा होते की नुसती चर्चा, आणि वंशाच्या शुद्धतेबद्दल गटाचे म्हणणे काय? ग्रीक रक्त असल्याशिवाय देव ऐकत नाहीत असे म्हणणाऱ्यांना हे विसर पडलेले असते की आयाम्ब्लिकस सीरियाचा, पॉर्फिरी टायरचा, आणि प्लॉटिनस इजिप्तचा होता.

मध्येच खंड पडला, महिनाभर दिवाही लागला नाही, तर प्रायश्चित्ताचा घोळ घालू नका. पुढच्या अमावास्येला फळी पुसून घ्या, आणि कोर दिसली की हेस्टियाच्या दिव्यापासून पुन्हा सुरू करा.